दाणेरी

डुकराला आडवं पाडल्याशिवाय त्याची जीभ दिसत नाही. मागचे पाय एकानं धरायचे, मानेवर दुसऱ्यानं गुडघा रोवायचा, जबड्यात निलगिरीचं दांडकं आडवं घालायचं आणि मग ओल्या फडक्यानं ती बुळबुळीत जीभ मुठीत धरून बाहेर ओढायची. डुक्कर सगळा बाजार डोक्यावर घेतं. त्या आरडाओरड्यातच जीभ उलटी करून तिच्या खालच्या अंगावरून अंगठा फिरवायचा. खरं काम त्या अंगठ्याचं. कातडीखाली तांदळाएवढा, मटाराएवढा टणक दाणा अडला, की डुक्कर दाणेरी. नाही अडला, की साफ. दाणेरी डुकराला उजळ माथ्यानं गिऱ्हाईक मिळत नाही. ते अर्ध्या भावात, ताडपत्रीखालून, कुठल्या तरी शहरातल्या कढईत जातं.

रविवारच्या बाजारात हे काम देमेत्रियाचं होतं. बापाकडून शिकलेलं. बाईमाणसानं डुकराच्या मानेवर गुडघा ठेवावा हे काही जणांना पटत नसे, पण डुक्कर विकत घ्यायची वेळ आली की तेच लोक तिला हुडकत येत. विकणारा आणि घेणारा दोघंही तिच्या तोंडाकडे बघत उभे राहत. ती ‘साफ’ म्हणाली की हातावर हात पडे. ‘दाणेरी’ म्हणाली की विकणाऱ्याचं तोंड कडू होई, तो चार शिव्या देई, पण वाद घालत नसे. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

त्या रविवारी पालोमिनोच्या ट्रकमधून एक काळी डुकरीण उतरली. पालोमिनो मोठा व्यापारी, अंगावर चामड्याचं जाकीट, दातात सोनं. देमेत्रियानं डुकरिणीची जीभ ओढली, अंगठा फिरवला, आणि जिभेच्या बुडाशी तो अडला. एक दाणा. त्याच्या शेजारी दुसरा. तिनं मान वर केली, बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप वळायला लागली. मग दंड, मग अर्धं तोंड. निळं आभाळ एका बाजूला कलंडलं आणि ती त्या डुकरिणीच्या अंगावरच कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा तिची हॅट चिखलात होती, घागरा ओला झाला होता आणि ओठ फाटला होता, कारण कुणा शहाण्यानं तिच्या दातांत चमचा कोंबला होता. तिचा नवरा सिप्रियानो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. डुकरीण तिथं नव्हती. पालोमिनोचा माणूस तेओदोसियो देमेत्रियाच्या जागेवर बसून मोठ्यानं सांगत होता, “साफ! एकदम साफ!”

पालोमिनो तिच्यासमोर उकिडवा बसला. “बघा रे बघा,” तो लोकांना म्हणाला, “जीभ बघणारीच दाणेरी निघाली! बाई, तुझी जीभ दाखव की जरा. फडकं देऊ का? का दांडकं घालू?”

लोक हसले. सगळे नाही, पण पुष्कळ हसले. ज्यांच्यासाठी तिनं इतकी वर्षं चिखलात गुडघे रोवले तेही हसले. देमेत्रियाला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ जड झाली होती. ‘दाणेरी’ हा शब्द तिच्या तोंडातच राहिला होता आणि तो गिळून ती घरी गेली.

*

हा तिचा पहिला झटका नव्हता. आदल्या वर्षीही आले होते. तेव्हा शहरातल्या दवाखान्यात डोक्याचं चित्र काढलं, एक औषध दिलं, आणि झटके थांबले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. आता पुन्हा तोच बसचा प्रवास, तोच पांढरा बोगदा आणि त्यात निपचित पडून राहणं.

डॉक्टरीणबाईंनी चित्र उजेडासमोर धरलं. करड्या रंगात गोल गोल वर्तुळं आणि प्रत्येकाच्या पोटात एक ठिपका. देमेत्रियाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कापलेल्या मांसात तिनं ते शेकडो वेळा बघितलं होतं.

“दाणे,” ती म्हणाली.

“हो, तेच. हे बघ, हे मागच्या औषधानं मेले. हे खडूसारखे झालेत ते. पण हे अजून जिवंत आहेत. एका औषधानं काम अर्धंच झालं. आता दोन औषधं एकदम द्यायची. एक त्यांचं खाणं तोडतं, दुसरं त्यांची कातडी फाडतं. दोन्ही बाजूंनी घेरलं की सुटत नाहीत.”

“मंग पयल्यांदाच का न्हाय दिली दोन?”

डॉक्टरीणबाईंनी चित्र खाली ठेवलं. “तेव्हा वाटलं होतं, एकानं भागेल. नाही भागलं. आणि एक नीट ऐक. ते मरताना आजूबाजूला सूज येते. सुजेचं औषध देऊच, पण डोकं दुखेल, झटकाही येईल कदाचित. तेव्हा घाबरून आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. यातली एक गोळी घेतली आणि एक टाकली, तर पुन्हा मागच्या वर्षीसारखंच.”

देमेत्रियानं मान हलवली. मग तिला कधीपासून खुपत होतं ते तिनं विचारलं, “पर बाई, माझ्या डोक्यात ह्ये आलं कुठनं? मी दाणेरी मांस कवाच खाल्लेलं न्हाय. माझा आंगठा आंधळा न्हाय.”

“मांसातून नाही येत डोक्यात. दाणेरी मांस खाल्लं की माणसाच्या पोटात लांब पट्टीसारखा किडा होतो. त्या माणसाला काही कळतही नाही. पण त्याची अंडी संडासवाटे पडतात, नखांत अडकतात, हात नीट धुतले नाहीत तर जेवणात जातात. ते जेवण जो खाईल त्याच्या डोक्यात दाणे. आणि ती घाण खाईल त्या डुकराच्या जिभेत. तेव्हा घरातल्या सगळ्यांची तपासणी हवी.”

बसमध्ये सिप्रियानो खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत तो म्हणाला, “मामायला कोण सांगणार?”

मामाय म्हणजे त्याची आई, फोर्तुनाता. घरात चूल तिची होती. नुसती घरातलीच नाही. गावात लग्न असो, मर्तिक असो, नाहीतर कुलदैवताची जत्रा, मोठी हंडी फोर्तुनाताच्या हाताखालीच शिजायची. तिच्या हाताला चव आहे, असं तीन गावं म्हणायची. त्या हाताबद्दल बोलायचं म्हणजे वाघाच्या मिशीला हात घालणं होतं.

*

उपचाराचे सुरुवातीचे दिवस दवाखान्यात गेले. डोकं दुखलं, ओकाऱ्या झाल्या, पण निभावलं. मग गावातल्या आरोग्य केंद्रातली नर्स योवाना हिच्या हवाली करून तिला घरी पाठवलं. सकाळच्या गोळ्या योवाना स्वतः समोर उभी राहून द्यायची. दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायच्या, म्हणून त्या चुलीजवळच्या पत्र्याच्या डब्यात राहिल्या, म्हणजेच फोर्तुनाताच्या राज्यात.

योवानानं शौचाच्या तपासणीसाठी झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले होते, घरातल्या प्रत्येकाला एक. देमेत्रियानं दिला. सिप्रियानोनं लाजत, अंगावरच्या लोकरी पोंचोखाली लपवून नेऊन दिला. नेलीनं, त्यांच्या मुलीनं, खिदळत दिला. फोर्तुनातानं आपला डबा नाकासमोर धरला आणि योवानाला परत केला.

“पोरी, म्या सात बाळंतपणं केली, दोन नवऱ्यांना पुरलं. ह्या वयात डबीत घाण भरून वाटत फिरू? तुझ्या आयचा डबा ने.”

“माझ्या आईचाही तपासलाय, मामाय.”

“मंग तिची घाण बघून तुझं पोट भरलं असंल. जा आता.”

ते दिवस चुन्यो करायचे होते. बटाटा निघाला होता, आभाळ स्वच्छ होतं आणि पठारावर अशी थंडी पडत होती की भांड्यातलं पाणी सकाळी दगड होई. बारके बटाटे गवताच्या अंथरणावर पसरून रात्रभर गोठवायचे, सकाळी ऊन आलं की ते मऊ पडतात, मग अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं. पाय निळे पडतात, टाचा फाटतात. पण असा वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. पीक बुडालं तरी चुन्यो असेल तर घर उपाशी मरत नाही.

देमेत्रियाला योवानानं सांगितलं होतं, काम करू नकोस. देमेत्रियानं ते ऐकून घेतलं आणि पठारावर गेली. बाजारात तिच्या जागेवर तेओदोसियो बसत होता. घरात बसून तिनं काय त्याची आठवण काढत बसायचं? ती आणि सिप्रियानो एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बटाटे तुडवत होते. पायाखाली साली फाटत होत्या, गार पाणी बोटांमधून वर येत होतं. उजव्या डोळ्यामागे कुणी तरी आतून ठोकत होतं.

“बस जरा,” सिप्रियानो म्हणाला.

“बसून दुखतंय, हुभं ऱ्हाऊन बी दुखतंय. हुभं ऱ्हाऊन निदान चुन्यो तरी हुतोय.”

दुपारी फोर्तुनाता जेवण घेऊन चढून आली. पाठीवरच्या कापडात उकडलेला मका, चीज आणि गरम बटाटे. तिनं दोघांना वाढलं, आणि देमेत्रियाच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

देमेत्रिया बघत राहिली. “मोठी पांढरी कुठाय?”

“खा की मुकाट्यानं. झटक्याची हाय, सुजेची हाय, ही हाय. आनि किती पायजेत?”

“मामाय, मोठी पांढरी कुठाय? काल दुपारी बी नव्हती. मला वाटलं, घेरीत मीच इसरले.”

फोर्तुनातानं चघळायची कोकाची पानं गालात सरकवली. “ठेवलीया नीट. टाकली न्हाय म्या. ही सपली की मंग ती दीन.”

“कुणी सांगितलं तुमाला?”

“सांगायला कोन पायजे? एक औषध गरम, एक थंड. गरम-थंड एका दिवशी पोटात गेलं की माणूस फुटतो, ह्ये शेंबड्या पोराला बी कळतं. तुझं डोकं उगंच फुटतंय व्हय? त्या दोघी आत भांडत्यात. अगं, दोन बाया एका चुलीवर नांदत न्हाईत, दोन औषधं एका पोटात कशी नांदतील?”

सिप्रियानो खाली मान घालून मक्याचे दाणे सोलत होता. आई आणि बायकोच्या मध्ये सापडलेल्या पुरुषाचं जगभर असंच असतं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो हळूच म्हणाला, “देमे, खरंच, दुखणं लई वाढलंय तुझं. एक घेतलं आन् मंग दुसरं, तर...”

“तर मागच्या सालासारखं हुईल!” देमेत्रिया उभी राहिली. उभं राहताना तोल गेला, पण राहिली. “अर्धे मरतील आन् अर्धे माझ्या डोक्यात बसून हसतील. त्या पालोमिनोसारखे! मामाय, आपुन दोघी एका चुलीवर किती वर्सं हाय? भांडलो का न्हाय?”

“रोज भांडलो.”

“घागरी फोडल्या, अबोला धरला, एकदा तुमी माझ्या अंगावर राख फेकली. पर हंडी शिजली का न्हाय? कोन उपाशी झोपलं का या घरात? नांदलोच की! भांडून नांदलो. तसंच त्या बी नांदतील. द्या इकडं.”

फोर्तुनाता हलली नाही.

“आनि एक सांगा,” देमेत्रियाचा आवाज खाली आला. “ह्ये माझ्या डोक्यात कुठनं आलं? कुनाच्या तरी हातानं आलं. माझं तपासलं, न्हाय निघालं. तुमच्या लेकाचं न्हाय, नेलीचं न्हाय. आता घरात कोन ऱ्हायलं?”

हे बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. वारा सुटला होता, गवत नुसतं सळसळत होतं. फोर्तुनाताचा चेहरा चुन्योसारखा आक्रसला. तिनं चोळीत हात घातला, चिंधीत बांधलेल्या गोळ्या काढल्या, आणि सुनेच्या हातात न देता बटाट्यांच्या टोपलीत टाकल्या. मग उतार उतरून निघून गेली.

देमेत्रियानं टोपलीतून गोळी उचलली, फुंकर मारली, आणि दोन्ही औषधं एका घोटात गिळली.

संध्याकाळी झटका आला. घराच्या अंगणात, जळण उतरवताना. आधी बोटं, मग दंड, मग तोंड. सिप्रियानोनं तिला कुशीवर निजवलं आणि योवानानं शिकवलं होतं तसं तोंडात काही घातलं नाही. पण तिचे डोळे जागेवर आले तसा तो स्वतःच लहान पोरासारखा रडायला लागला. “बास झालं. नको ती औषधं. उद्या योवानाला परत देऊन टाकतो. मरशील तू!”

देमेत्रियाचे ओठ हलले. तो खाली वाकला.

“गोळ्या,” ती म्हणाली. “सांजच्या.”

“न्हाय देणार मी.”

“हो बाजूला.” फोर्तुनाता चुलीपाशी उभी होती. तिनं डबा उघडला, एकेक गोळी उजेडात धरून बघितली, गरम आणि थंड दोन्ही तळहातावर घेतल्या आणि सुनेच्या डोक्याखाली हात घालून तिला उठवलं. “आ कर. बयेनं हट्ट धरलाय. हट्टानं तर हट्टानं, पर जग म्हणावं.”

उजाडताना तिनं सिप्रियानोला विचारलं, “त्या पोरीचं डबडं कुठं ठेवलंस?”

*

किडा फोर्तुनाताच्याच पोटात होता.

योवानानं तिला चावायच्या गोळ्या दिल्या, जुलाबाचं पाणी दिलं, आणि जे पडलं ते काचेच्या बरणीत घेतलं. पांढरी, चपटी, गाठीगाठींची पट्टी. माणसाच्या उंचीपेक्षा लांब. फोर्तुनातानं बरणी दोन्ही हातांत धरून उन्हात बघितली. ओरडली नाही, रडली नाही.

“ह्याला मी पोसत हुते,” ती म्हणाली. “वाटायचं, आपल्याला भूक चांगली लागती.”

कधीची तरी एखादी जत्रा, एखादं अर्धकच्चं, कुणी न तपासलेलं डुक्कर. हंडीची चव बघताना घेतलेला एक घास. कुठला, ते आता देवालाच ठाऊक.

त्या दिवसापासून ती चुलीला शिवेना. अंगणात भिंतीला टेकून बसायची, हात शालीखाली लपवून. नेली पाणी मागायला आली तरी म्हणायची, आयकडून घे. स्वयंपाक देमेत्रियावर आला, आणि खरं सांगायचं तर देमेत्रियाचं सूप म्हणजे गरम पाण्यात बुडून मेलेले बटाटे. सिप्रियानो बिचारा मान खाली घालून खायचा.

देमेत्रियाला राग नव्हता असं नाही. होता. चुलीसमोर फुंकर मारताना कितीदा वाटलं, या बाईच्या हातानं मला खाऊ घातलं आणि याच हातानं माझ्या डोक्यात दाणे पेरले. पण तिनं म्हाताऱ्या माणसाला असं भिंतीला टेकून, हात लपवून बसलेलं बघितलं, आणि बाजारात चिखलात पडलेली आपली हॅट तिला आठवली.

तिनं बादली भरून आणली, साबणाची वडी आणली आणि फोर्तुनाताच्या पुढ्यात ठेवली.

“हात धुवा. नखं घासा. आन् आत या, सूप हलवा. मला न्हाय जमत तुमच्यासारखं.”

“माझ्या हातचं खाशील?”

“किडा गेला ना? मंग? हात का किड्याचे हुते?”

फोर्तुनातानं हात घासले. इतके घासले की कातडी लाल झाली. मग आत जाऊन तिनं हंडीत डोकावलं आणि कपाळावर हात मारला. “आत्ता गं बया! ह्ये सूप हाय का धुन्याचं पानी?”

*

पेरणीच्या तोंडावर पुन्हा डोक्याचं चित्र काढलं. डॉक्टरीणबाई चित्राकडे बघत होत्या आणि देमेत्रिया त्यांच्या तोंडाकडे. बाजारात लोक आपल्या तोंडाकडे बघत कसे उभे राहत असतील, ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“साफ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डाग आहेत, ते राहतील. झटक्याची गोळी अजून चालू ठेवायची. पण जिवंत एकही नाही.”

त्यानंतरच्या रविवारी देमेत्रियानं घरची डुकरीण दोरीला बांधली. वर्षभर गोठ्यामागं मोकाट चरलेली, गुबगुबीत. घरात संडास नव्हता. सगळे गोठ्यामागंच जात. सिप्रियानोला त्याचा अर्थ कळत होता.

“हितंच बघ की जीभ,” तो म्हणाला. “तशी असली तर हितंच पुरू. कुनाला कळायचं न्हाय.”

“म्हणूनच हितं न्हाय बघायची.”

“तशी असली तर पैका बी गेला आन् अब्रू बी.”

“अब्रू तर तवाच गेलीया. आता आनायला निघालेय.”

फोर्तुनातानं डोक्यावर चांगली हॅट चढवली, पाठीवर पाण्याचा कॅन आणि साबण घेतला आणि न सांगता दोघांच्या मागून चालायला लागली.

बाजार भरला होता. तेओदोसियो तिच्या जागेवर बसून डुकराच्या जिभेला बोट लावल्यासारखं करत होता आणि ‘साफ, साफ’ म्हणत होता. पालोमिनो ट्रकला टेकून मक्याची बिअर पीत होता. देमेत्रियाला बघून त्यानं हॅट उचलली.

“आली का! विकायला आलीस का पडायला?”

देमेत्रियानं डुकरीण मधोमध आणली. सिप्रियानोनं ती आडवी पाडली. देमेत्रियानं कॅनच्या पाण्यानं हात धुतले, गुडघा मानेवर रोवला, दांडकं घातलं. फडक्यानं जीभ ओढली. लोक गोळा झाले. काही जण तर ती पडते का ते बघायलाच आले होते.

अंगठा फिरला. टोकापासून मागं. मध्यापर्यंत काही नाही. आणखी मागं, बुडाशी. अंगठा अडला.

तिचा अंगठा थांबलेला पालोमिनोनं पाहिला. या धंद्यात त्याचेही केस पिकले होते. तो चटकन तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि कानाशी पुटपुटला, “साफ म्हण. पुऱ्या भावानं मी घेतो. आन् पुढच्या रविवारपास्नं ही जागा तुझी. तेओदोसियोला मी उठवतो. एक शब्द, बाई. इतकी वर्सं दुसऱ्यांच्या डुकरांसाठी खरं बोललीस, एकदा सोताच्या डुकरासाठी खोटं बोल की. देव बी माफ करंल.”

जागा. तिची जागा. बापाची जागा. ती इतक्या जवळ होती की हात लांबवला असता तर मिळाली असती. देमेत्रियानं एकदा सिप्रियानोकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि डुकरिणीचे पाय गच्च धरले होते.

“दाणेरी!” देमेत्रिया ओरडली.

इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या भाजीवाल्याही वळल्या. मागे ज्या रविवारी तो शब्द तोंडात अडकला होता, त्या रविवारचा आवाजही त्यात होता. “माझी डुकरीण दाणेरी हाय! कुनी घेऊ नका. फुकट दिली तरी घेऊ नका. आज खड्डा खणून जाळणार हाय मी हिला!”

पालोमिनो ताडकन उठला. “ऐका! हिच्याच तोंडानं ऐका! हिचं डोकं दाणेरी, हिचं डुक्कर दाणेरी, घरच सगळं दाणेरी! आन् ही बाई तुमची जनावरं बघणार व्हय? इचारा तिला, तिच्या घरात एवढी घाण आली कुठनं?”

“माझ्या पोटातनं आली!”

फोर्तुनाता पुढे झाली होती. हॅट सरळ, पाय फाकवून, कमरेवर हात. जिच्या हातचं तीन गावं जेवली होती ती.

“मला ओळखता का न्हाय? फोर्तुनाता मी. तुमच्या लग्नात माझी हंडी हुती, तुमच्या बापाच्या मर्तिकात माझी हंडी हुती. किडा माझ्या पोटात हुता. माझ्यापेक्षा लांब. बरणीत बघितला म्या ह्या डोळ्यांनी. माझ्या हातानं तो सुनेच्या डोक्यात गेला, तिनं काय पाप केलं न्हाय. दोन औषधं एकदम खाऊन, झटके खाऊन तिनं ते मारले. म्या एक औषध लपवलं हुतं, तरी मारले! किडा मला झाला, तो एखादं दाणेरी डुक्कर साफ म्हणून इकलेलं असंल, तवाच झाला. कुनी इकलं, मी इचारत न्हाय. पर ज्यांनी माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी नर्सकडं जावा. डबडं भरून द्यावा. लाज वाटंल. मला बी वाटली. मेले न्हाय मी!”

नुसती डुकरीण कण्हत होती. मग मागून डुक्कर घ्यायला आलेला एक म्हातारा बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “तेओदोसियो, तू कवा सोताच्या मालकाचं डुक्कर दाणेरी म्हणालास रे?”

कुणी तरी हसलं. यावेळी हसू पालोमिनोच्या अंगावर गेलं.

“ट्रकमधली उतरव की पालोमिनो,” एक बाई म्हणाली. “देमेला बघू दे. तिनं तिची दाखवली. आता तुजी.”

“तपासलेली हायेत ती!”

“मंग भितोस कशाला?”

देमेत्रिया उठली. तिनं पुन्हा हात धुतले, साबणानं, सावकाश, नखं घासून. दांडकं उचललं आणि ट्रकपाशी गेली. पालोमिनो ट्रकच्या मागच्या फळीसमोर आडवा उभा होता. त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता आणि कपाळावर घाम होता.

“आधी तुझी जीभ दाखव,” तो दात विचकून म्हणाला. पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

देमेत्रियानं दाखवली. आ वासून, मुळापासून, लहान पोरं वेडावतात तशी लांबच्या लांब बाहेर काढून. वर उचलून खालचं अंगही दाखवलं. सगळ्या बाजारानं बघितलं, आणि बायका खो-खो हसल्या.

“बघितलीस?” ती म्हणाली. “आता तुझ्या डुकरांची बघू.”

तिनं स्वतःच्या हातानं फळीची खिटी काढली. पहिलं डुक्कर उडी मारून खाली आलं. सिप्रियानोनं मान दाबली, आणि मागचे पाय फोर्तुनातानं धरले.